उंच स्वाराच्या डर्ट बाईकचे हँडल : शिंप्यासारखे माप घ्या, मगच पाना उचला

आपल्या वाचकांपैकी अनेक जण मोटारसायकल गॅरेज, लेथ, सीट कव्हर किंवा सुट्या भागांच्या धंद्यात आहेत. इंजिनाच्या कामात आता फ्युएल इंजेक्शन आले, सेन्सर आले, कंपनीचे स्कॅनर आले. पूर्वी कार्ब्युरेटर साफ करून आणि टॅपेट लावून जी रोजची कमाई होत असे ती बरीच घटली. परंतु काही कामे अशी आहेत की जी स्कॅनर करू शकत नाही आणि कंपनीचे वर्कशॉप सहसा अंगावर घेत नाही. गाडी माणसाच्या अंगाला बसवून देणे हे त्यांतलेच एक काम होय. डर्ट बाईक, म्हणजे माती-दगडांत, शेताच्या वाटांवर व शर्यतीच्या मैदानावर उभे राहून चालवायची गाडी, घेणाऱ्या उंच तरुणांना या कामाची फार गरज पडते. हे काम नीट कसे करावे, त्यात जोखीम कोठे आहे आणि मेहनताना कशाचा घ्यावा, याची माहिती या लेखात देत आहोत.

हा गिऱ्हाईक आला कोठून?

मातीवरच्या मोटारसायकल शर्यतींचा उगम इंग्लंडमध्ये झाला. १९२४ साली सरे परगण्यातील कॅम्बर्ली येथे झालेली शर्यत ही या खेळाची सुरुवात मानली जाते. आपल्याकडे बरीच वर्षे हा खेळ रस्त्यावरच्याच गाड्यांवर चालला. यामाहा आरएक्स-१०० किंवा टीव्हीएस-सुझुकी शोगुन घ्यायची, मडगार्ड उंच करायचे, खडबडीत टायर लावायचे, हँडल बदलायचे आणि मैदानात उतरायचे. ही सारी कारागिरी गल्लीतल्या गॅरेजांनीच केली.

पुढे कंपन्यांनीच तशा गाड्या बाजारात आणल्या. २०११ मध्ये हिरोची इम्पल्स आली, २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन, २०१९ मध्ये हिरोची एक्सपल्स २००. कावासाकीच्या केएक्स जातीच्या, केवळ मैदानासाठी असलेल्या गाड्याही भारतात विकल्या गेल्या. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात सुपरक्रॉसची व्यावसायिक लीग सुरू झाली. तेव्हा अशा गाड्या केवळ हौशी श्रीमंतांच्या राहिलेल्या नाहीत.

गाडी बनविणारी कंपनी साधारण मध्यम उंचीचा स्वार डोळ्यांसमोर ठेवते. तयार कपड्यांच्या दुकानात मधले माप सर्वांत जास्त शिवलेले असते, तसाच हा प्रकार आहे. सहा फुटांवरच्या माणसाला ते माप अपुरे पडते. कपडा आखूड झाला तर लोक हसतील एवढेच. गाडी आखूड झाली तर मात्र कंबर धरते, मनगटे सुजतात आणि खडकाळ उतारावर पुढचे चाक ताब्यात राहत नाही.

दुखणे ओळखावे कसे?

डर्ट बाईकचा स्वार बराच वेळ फूटरेस्टवर उभा असतो. गुडघे किंचित वाकलेले, टाकीला चिकटलेले. कंबरेतून थोडे पुढे झुकलेले अंग. कोपरे बाहेर व किंचित वर. आणि डोके साधारण हँडलच्या वर, अशी त्याची बैठक असावी लागते. या बैठकीत वजन पायांवर असते. हातांनी फक्त दिशा द्यायची असते.

हँडल खाली असले म्हणजे उंच माणसाला कंबरेतून फार वाकावे लागते. मग त्याचे वजन तळहातांवर येते. थोड्याच वेळात दंडाखालचे स्नायू दगडासारखे कडक होतात आणि बोटांना लिव्हर दाबवत नाही. काही जण वाकणे टाळण्यासाठी गुडघे जास्त मुडपतात. त्यांच्या मांड्या थकतात व ते लवकरच सीटवर बसतात. गिऱ्हाईक येऊन ‘पाठ दुखते’, ‘हात भरून येतात’, ‘उभे राहवत नाही’ असे सांगू लागला की कारागिराने प्रथम हँडलकडे पाहावे.

याच्या उलटही एक दुखणे आहे, व ते पुष्कळदा गॅरेजवाल्यानेच दिलेले असते. उंच गिऱ्हाईक आला, दिला मोठा रायझर लावून! हँडल फार वर गेले की अंग सरळ होते, वजन मागे जाते, आणि वळणावर पुढचे चाक हलके होऊन घसरू लागते. खांदे उचललेले राहतात व लवकर दुखतात. म्हणजे कंबरेचे दुखणे गेले आणि पडण्याची भीती आली. तेव्हा ‘जितके उंच तितके बरे’ हा हिशेब येथे चालत नाही.

माप उभ्याने घ्यावे

गाडी दुकानात सपाट जागेवर सरळ उभी करावी. पुढचे चाक लाकडी ठोकळ्यांत अडकवावे आणि मागे एका पोऱ्याला धरायला सांगावे. गिऱ्हाइकाने बूट घातलेलेच असावेत. शर्यतीच्या बुटाचा तळ जाड असतो व त्याने उंची वाढते. चपलेवर घेतलेले माप फुकट जाते.

आता त्याला फूटरेस्टवर उभे करा आणि वर सांगितलेल्या बैठकीत येऊ द्या. हँडल सोडून, डोळे मिटून, हात सहज पुढे धरायला सांगा. त्याचे हात हँडलच्या वर, पुढे की मागे राहतात ते बाजूने पाहा. मोबाईलवर बाजूचा फोटो काढून ठेवला तर उत्तम. हात आणि हँडल यांच्यात जे अंतर दिसेल ते फीतपट्टीने मोजा. ही झाली गरज.

त्यानंतर गाडीची दोन मापे घ्या. पहिले उभे माप : फूटरेस्टच्या मध्यापासून हँडलच्या मुठीपर्यंतची सरळ उंची. दुसरे आडवे माप : फूटरेस्टपासून मुठीपर्यंतचे पुढचे अंतर. गवंड्याचा ओळंबा मुठीवरून सोडला की दोन्ही मापे चटकन मिळतात. ती गिऱ्हाइकाच्या नावाने वहीत लिहा. शिंप्याच्या वहीत जशी गिऱ्हाइकांची मापे असतात तशी ही वही काही वर्षांत दुकानाची पुंजी ठरते. तोच माणूस पुढे दुसरी गाडी घेऊन आला तर काम अर्ध्या वेळेत होते.

डोळे मिटून घेतलेले अंतर चाळीस मिलिमीटर आले म्हणून लगेच चाळीस मिलिमीटर वाढवू नये. प्रथम त्याच्या निम्मे वाढवा, गाडी चालवून येऊ द्या, मग पुढचे ठरवा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. हँडल, सीट आणि लिव्हर सारे एकदम बदलले तर कशाने गुण आला आणि कशाने बिघडले हे कळत नाही.

आधी बिनखर्चाचे उपाय

पुष्कळ डर्ट बाईकमध्ये कंपनीनेच हँडल पुढे-मागे करण्याची सोय ठेवलेली असते, आणि गाडीचा मालक ती कधी वापरत नाही. केटीएमच्या मोटोक्रॉस व एंड्युरो गाड्यांत हँडलच्या खुंट्यांसाठी वरच्या टी-प्लेटवर १५ मिलिमीटर अंतरावर दोन जागी छिद्रे असतात. खुंटीचे स्वतःचे छिद्रही मध्यापासून ३.५ मिलिमीटर बाजूला असते. खुंटी फिरवून लावली की एकूण चार जागा मिळतात. होंडाच्या सीआरएफ मोटोक्रॉस गाड्यांतही असाच प्रकार आहे : दोन छिद्रांत २६ मिलिमीटरचा फरक, आणि खुंटी उलटी केली की आणखी १० मिलिमीटर. कावासाकीच्या केएक्समध्ये हँडलच्या चार जागांबरोबर फूटरेस्टच्याही दोन जागा असतात. खालच्या जागेवर लावल्यास स्वाराला ५ मिलिमीटर जास्त मोकळीक मिळते.

उंच माणसाचे हातही बहुधा लांब असतात. त्याला हँडल थोडे पुढे लागते. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी खुंट्या पुढच्या छिद्रात लावून पाहाव्यात. अर्ध्या तासाच्या या कामाने कित्येकांचे समाधान होते. गिऱ्हाइकाला हे सांगितले तर एक रायझर कमी विकला जाईल हे खरे, पण तो दुसऱ्या दुकानाची पायरी चढणार नाही.

क्लॅम्पमध्ये हँडल फिरवून उंची मिळविण्याचा मोह मात्र टाळावा. हँडलचा उभा भाग बाजूने पाहिला असता साधारण फोर्कच्या रेषेत असावा. ते मागे झोपविले तर मुठी खाली वळतात आणि कोपरे अंगाशी येतात. फार पुढे झोपविले तर मनगटे मुरगळतात.

रायझर लावताना भूमितीचा खेळ

रायझर म्हणजे टी-प्लेट व हँडल यांच्यामध्ये बसणारे ठोकळे किंवा खुंट्या. १० पासून ४० मिलिमीटरपर्यंत उंचीचे ठोकळे बाजारात मिळतात. कंपन्यांनाही त्यांची गरज पटली आहे. हिरोने २०२० मध्ये एक्सपल्ससाठी जो रॅली किट काढला त्यात हँडलचा रायझर दिला होता.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. फोर्क सरळ उभा नसतो, मागे कललेला असतो. डर्ट बाईकमध्ये हा कल साधारण २६ ते २८ अंशांचा असतो. ठोकळा त्याच कलत्या रेषेत वर चढतो, म्हणून हँडल वर जाते तसेच मागेही येते. कल २७ अंश धरला तर ३० मिलिमीटरच्या ठोकळ्याने खरी उंची सुमारे २७ मिलिमीटरच वाढते, आणि हँडल जवळजवळ १४ मिलिमीटर मागे सरकते. लांब हातांच्या माणसाला हँडल पुढे हवे होते, तर आपण ते त्याच्या छातीजवळ आणून ठेवले! ‘रायझर लावला तरी बरे वाटत नाही’ अशी तक्रार येते तिचे कारण बहुधा हेच असते.

यावर उपाय दोन. खुंट्या पुढच्या छिद्रात न्याव्यात, किंवा ज्याचे वरचे छिद्र खालच्याच्या पुढे सरकलेले आहे असा रायझर वापरावा. पण पुढे नेण्यालाही हद्द आहे. हँडल फोर्कच्या रेषेच्या फार पुढे गेले की ते वळविताना जड वाटते व पुढच्या चाकावर वजन जास्त येते. दहा-पंधरा मिलिमीटरपासून सुरुवात करावी.

एकावर एक असे दोन रायझर कधी रचू नयेत. ठोकळा जितका उंच तितकी पडताना बोल्टवर येणारी मुरड मोठी. दोन सुट्या खुंट्यांपेक्षा वरून एकाच अखंड पट्टीने जोडलेला क्लॅम्प बरा. गाडी आपटली तरी खुंट्या वेगवेगळ्या दिशेला फिरत नाहीत.

हँडलच उंच घेतले तर?

दुसरा मार्ग म्हणजे जास्त उंच वळणाचे हँडल घेणे. त्याचे तीन फायदे आहेत : बोल्टवर जादा मुरड येत नाही, सुटे भाग वाढत नाहीत, आणि मागे किती वळलेले घ्यायचे ते निवडता येते. हँडल विकत घेताना चार मापे पाहावीत : रुंदी, एकूण उंची, क्लॅम्पपासूनचा चढ आणि मुठीचे मागचे वळण. उंच माणसासाठी चढ जास्त व मागचे वळण कमी असलेले घ्यावे.

नळीची जाडी तपासणे महत्त्वाचे आहे. जुन्या पद्धतीच्या हँडलची नळी क्लॅम्पमध्ये ७/८ इंच म्हणजे २२.२ मिलिमीटर असते. नव्या जाड हँडलची १ १/८ इंच म्हणजे २८.६ मिलिमीटर असते व ती मुठीकडे निमुळती होत पुन्हा २२.२ वर येते. म्हणून मुठी व लिव्हर दोन्हींना सारखेच बसतात, पण क्लॅम्प मात्र वेगळा लागतो. इंग्लंडची रेन्थॉल ही कंपनी १९६९ पासून या धंद्यात आहे. तिने अ‍ॅल्युमिनियमचे हँडल जगभर रूढ केले. मोठ्या क्लॅम्पमध्ये बारीक नळी पत्र्याची पट्टी गुंडाळून बसविणे हा अक्षम्य प्रकार आहे. उडीनंतर ते हँडल हातात फिरते.

हँडलची लांबी कापण्याची घाई करू नये. मोटोक्रॉसची हँडले साधारण ८०० मिलिमीटर रुंद असतात. रुंद खांद्यांच्या माणसाला तेवढी लागतात. करवत चालविल्यावर तुकडा परत जोडता येत नाही. त्याचप्रमाणे वाकलेले अ‍ॅल्युमिनियमचे हँडल सरळ करून देऊ नये आणि कोणतेही हँडल वेल्डिंग करून वाढवू नये. असे हँडल बाहेरून चांगले दिसते. तुटते ते मात्र उडी मारून जमिनीवर येताना.

ब्रेकचा पाइप आणि वायरी : येथे जीव आहे

या साऱ्या कामात सर्वांत मोठी जोखीम हँडलमध्ये नाही, त्याला जोडलेल्या गोष्टींत आहे. हँडल वर गेले की पुढच्या ब्रेकचा पाइप, क्लचची वायर, अ‍ॅक्सिलरेटरची वायर आणि बटणांची वायरिंग ही सारी ताणली जातात. दुकानात गाडी स्टँडवर असताना सारे ठीक दिसते. पण पुढचे चाक हवेत गेले की फोर्क पूर्ण लांबतो आणि ब्रेकच्या पाइपाला आणखी लांबी लागते. एक्सपल्स २०० च्या पुढच्या फोर्कची चाल १९० मिलिमीटर आहे, तर शर्यतीच्या मोटोक्रॉस गाडीत ती सुमारे ३०० मिलिमीटर असते. एवढी चाल मोकळी राहिली पाहिजे.

म्हणून तपासणी अशी करावी. इंजिनाखाली ठोकळा देऊन पुढचे चाक पूर्ण अधांतरी करा. फोर्क लांबला की हँडल डावीकडे टोकापर्यंत व उजवीकडे टोकापर्यंत वळवा. ब्रेकचा पाइप कोठेही ताठ होता कामा नये, तीव्र मुडपता कामा नये आणि टायरला घासता कामा नये. हँडल उजवीकडे वळविले की बहुधा क्लचची वायर ताणते, डावीकडे वळविले की अ‍ॅक्सिलरेटरची. दोन्हीकडे लिव्हरला थोडी मोकळीक उरली पाहिजे.

त्यानंतर इंजिन चालू करून न्यूट्रलमध्ये मंद ठेवा आणि हँडल पुन्हा दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. इंजिनाचा आवाज जरा जरी चढला तरी समजावे की वायर ताणून अ‍ॅक्सिलरेटर आपोआप उघडत आहे. अशी गाडी दुकानाबाहेर जाऊ देऊ नये. वळणावर स्वार हँडल फिरवील आणि गाडी त्याच्या मनाविरुद्ध धावेल.

वायरी कमी पडत असतील तर प्रथम त्यांचा रस्ता बदलून पाहावा. क्लिपा काढून वायर टी-प्लेटच्या पुढून किंवा जवळच्या वाटेने नेली तर कित्येकदा दहा-पंधरा मिलिमीटर सुटतात. ब्रेकचा पाइप मात्र ओढूनताणून बसवू नये. लांब पाइप घालावा, बँजो बोल्टच्या तांब्याच्या वायसर नव्या टाकाव्यात, कंपनीने सांगितलेलेच ब्रेक ऑइल भरावे आणि हवा पूर्ण काढावी. हँडलचा कोन बदलला असेल तर ब्रेक ऑइलची डबी समपातळीत आहे ना, तेही पाहावे.

बोल्ट आवळण्याची रीत

काम सुरू करण्यापूर्वी जुन्या हँडलवर व क्लॅम्पवर मार्करने खुणा कराव्यात म्हणजे परत मूळ जागी आणता येते. ठोकळा ३० मिलिमीटरचा असेल तर बोल्टही तेवढाच लांब लागतो. टी-प्लेटमध्ये बोल्टची पकड पूर्वीइतकीच राहिली पाहिजे. अ‍ॅल्युमिनियममध्ये आटे बोल्टच्या जाडीच्या निदान दीडपट खोल गेले पाहिजेत : ८ मिलिमीटरच्या बोल्टला १२ मिलिमीटर, १० च्या बोल्टला १५. बोल्ट १०.९ किंवा १२.९ दर्जाचे घ्यावेत. हा आकडा बोल्टच्या डोक्यावर कोरलेला असतो. वजनावर मिळणारे बिनआकड्याचे बोल्ट येथे वापरू नयेत.

आवळण्यासाठी टॉर्क रेंच वापरावा. उदाहरणार्थ, केटीएमच्या एंड्युरो गाड्यांच्या पुस्तिकेत हँडल क्लॅम्पच्या ८ मिलिमीटर बोल्टला २० न्यूटन-मीटर व खुंटीच्या १० मिलिमीटर बोल्टला ४० न्यूटन-मीटर सांगितले आहे. प्रत्येक गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेतून घ्यावा. जास्त आवळल्याने आटे निघतात किंवा नळी दबते. काही गाड्यांत पुढचे बोल्ट आधी पूर्ण आवळून फट मागे ठेवायची असते, काहींत दोन्हीकडे सारखी फट राखायची असते. हेही पुस्तिकेतच पाहावे. खुंटीच्या बोल्टला आटे धरून ठेवणारे औषध, ज्याला आपण लॉकटाइट म्हणतो, ते लावावे. गिऱ्हाइकाला दहा-पंधरा किलोमीटर चालवून परत बोलवावे आणि सारे बोल्ट पुन्हा तपासावेत. या फेरीचे पैसे घेऊ नयेत.

शेवटी लिव्हर लावावेत. उभा स्वार बोटे लिव्हरवर ठेवील तेव्हा मनगट सरळ रेषेत असावे; त्यासाठी लिव्हर थोडे खाली झुकवावे लागतात. त्यांचे क्लॅम्प इतकेच आवळावेत की गाडी पडली तर लिव्हर फिरेल, तुटणार नाही.

लेथवाल्या बंधूंसाठी दोन शब्द

पुण्याच्या भोसरीपासून कोल्हापूरच्या शिरोलीपर्यंत आपल्याकडे लेथ व मिलिंगची कसबी माणसे भरपूर आहेत. रायझर बनविणे त्यांना अवघड नाही. परंतु भंगार वितळवून ओतलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा रायझर कोणी बनवू नये. त्याच्या आत हवेच्या पोकळ्या राहतात आणि धक्क्याने तो काचेसारखा तडकतो. ६०६१-टी६ किंवा ७०७५ जातीचा भरीव बार घ्यावा, विकणाऱ्याकडून पावतीवर जात लिहून घ्यावी. कोपरे धारदार ठेवू नयेत, गोलाई द्यावी. तडा नेहमी धारदार कोपऱ्यातून सुरू होतो. दोन्ही खुंट्यांची उंची अगदी सारखी हवी. एक जरी किंचित कमी असली तरी हँडल आवळताना ताण येतो. वर सांगितलेली पुढची सरक, म्हणजे दहा-पंधरा मिलिमीटरचा फरक, रायझरमध्येच दिला तर आयात मालाच्या तोडीची वस्तू तयार होईल.

सीट आणि फूटरेस्ट विसरू नका

पाय, बैठक आणि हात यांचा एक त्रिकोण असतो. हँडल हा त्याचा एकच कोन. सहा फूट दोन इंचांच्या माणसाचे गुडघे बसल्यावर जर पोटाकडे येत असतील तर नुसते हँडल वाढवून भागत नाही. सीटचा फोम २० ते ४० मिलिमीटर वाढविला की गुडघे मोकळे होतात आणि बसल्यावरून उभे राहणे सोपे जाते. हे काम सीट कव्हरवाल्या कारागिराचे आहे. फोम कडक घ्यावा, मऊ फोम महिन्यात दबतो. कव्हर घसरणार नाही अशा खरखरीत रेक्झिनचे असावे. गाडीची मूळ सीट किती उंच आहे हेही आधी पाहावे. एक्सपल्स २०० ची सीट २०१९ मध्ये ८२३ मिलिमीटर उंच होती. २०२३ मध्ये आलेल्या ४व्ही प्रो या गाडीची ८९१. या दुसऱ्या गाडीत उंच स्वाराला जादा फोम लागेलच असे नाही.

फूटरेस्ट ५ ते १० मिलिमीटर खाली व मागे नेता आले तर उभ्या माणसाला आणखी जागा मिळते. पण फूटरेस्ट खाली गेले की ते खोल चाकोरीत किंवा दगडाला अडकू शकते. गिअर व ब्रेकचे पेडलही त्याप्रमाणे पुन्हा लावावे लागते.

कायदा आणि व्यवहार

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या फेरबदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून रस्त्यावर नोंद असलेल्या गाडीला शक्यतो कंपनीचाच जोडभाग लावावा, आणि मोठ्या बदलापूर्वी आर.टी.ओ. कार्यालयात विचारून घ्यावे. वॉरंटीतील गाडी असेल तर गिऱ्हाइकाला आधी कल्पना द्यावी. केवळ मैदानासाठी असलेली, नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर चालवून दाखविण्याचा आग्रह कोणी केला तर नकार द्यावा.

बिलात माप घेण्याची मजुरी वेगळी दाखवावी, सामानाची वेगळी. रायझरच्या किमतीत सारे गुंडाळले तर गिऱ्हाईक म्हणतो, ‘हेच मला स्वस्तात मिळत होते.’ मजुरी वेगळी लिहिली की त्याला कळते की आपण ठोकळ्याचे नव्हे, हुनराचे पैसे देत आहोत. बिलावर चार ओळी अवश्य लिहाव्यात : किती मिलिमीटर वाढविले, बोल्ट कोणत्या दर्जाचे घातले, ब्रेकचा पाइप बदलला की नाही, आणि पुन्हा तपासणीला कधी यायचे. उद्या काही वाद झाला तर हा कागद दुकानदाराच्या कामी येतो.

या कामाला मोठे भांडवल लागत नाही. एक चांगला टॉर्क रेंच, अ‍ॅलन की चा संच, फीतपट्टी, ओळंबा आणि एक वही एवढ्यावर सुरुवात करता येते. गॅरेजवाला, लेथवाला व सीटवाला अशा तिघांनी एका वस्तीत मिळून हे काम घेतले तर तिघांनाही वर्षभर पुरेल. मात्र ब्रेकच्या पाइपाची तपासणी केल्याशिवाय आणि हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहिल्याशिवाय एकही गाडी गिऱ्हाइकाच्या हवाली करायची नाही, हा नियम तिघांनीही पहिल्या दिवसापासून पाळला पाहिजे.